मुंबईच्या गच्चीवरून हवामानाच्या फुग्याचा माग

सांताक्रूझच्या वेधशाळेतून पहाटे एक मोठा फुगा आकाशात सोडला जातो. त्याच्या दोरीला टांगलेली छोटी डबी, म्हणजे रेडिओसोंड, चढता चढता हवेचे तापमान, आर्द्रता आणि स्वतःचे ठिकाण रेडिओलहरींवरून सांगत राहते. हवामान खाते ही माहिती टिपते, जगभरच्या अंदाजकेंद्रांकडे पाठवते आणि फुगा फुटला की त्या उड्डाणाचे काम आटोपते. पण ती लहर फक्त खात्याच्याच अँटेनापर्यंत जाते असे नाही. दादरच्या इमारतीवर, लालबागच्या गच्चीवर, गिरगावातल्या चाळीच्या कौलांवरही ती येऊन पोचते. ती पकडून उलगडायची आणि फुग्याचा माग काढायचा, हा छंद युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात अनेकजण मनापासून जोपासतात. गिरगाव ते दादर या दाट वस्तीच्या पट्ट्यात तो कितपत जमेल, त्यातून हाती काय लागेल आणि तो कशासाठी करावा, या प्रश्नांचा हा आढावा आहे.

फुगा का सोडावा लागतो

पाऊस जमिनीवर पडतो, पण तो ठरतो वरच्या हवेत. जमिनीवरचा तापमापक आणि पर्जन्यमापक आपल्या भोवतालचीच गोष्ट सांगतात. पाच किलोमीटर उंचीवर किती बाष्प आहे, दहा किलोमीटरवर वारा कुठून कुठे वाहतो, ढग उंच वाढायला हवा अनुकूल आहे की नाही, हे कळायला तिथवर उपकरण पाठवावे लागते. उपग्रह आणि रडार आल्यावरही ही गरज संपलेली नाही, कारण त्यांच्या मापनाची खातरजमा शेवटी हवेतून प्रत्यक्ष गेलेल्या उपकरणाशी ताडूनच होते.

जगात वरच्या हवेची निरीक्षणे घेणारी सुमारे १,३०० केंद्रे आहेत. सगळ्यांनी एकाच वेळी मोजले तरच जगाचा नकाशा जुळतो, म्हणून जागतिक प्रमाणवेळेचे ०० आणि १२ हे तास ठरलेले आहेत. आपल्याकडे ते पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचला येतात. फुगा त्याच्या साधारण पाऊण-एक तास आधी सोडतात. तो सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने चढतो. म्हणजे एक किलोमीटर उंची गाठायला साडेतीन मिनिटांपेक्षा कमी वेळ लागतो आणि तीस किलोमीटर गाठायला शंभर मिनिटे. वर हवा विरळ होत जाते तसा फुगा फुगत जातो, अखेर फुटतो आणि डबी छोट्या पॅराशूटने खाली येते. पुण्यामुंबईच्या आकाशात सोळा-सतरा किलोमीटरवर तपांबर संपते, तिथे तापमान उणे ७५ ते उणे ८० अंशांपर्यंत उतरते. मूठभर वजनाची डबी इतक्या थंडीतून बोलत जाते, हे या सगळ्यातले मोठे नवल आहे.

आग्रा, पुणे, कुलाबा

भारतात हवामान खाते १८७५ मध्ये सुरू झाले. कुलाब्याची वेधशाळा त्याहून जुनी, १८२६ सालची. रेडिओसोंड येण्यापूर्वी फुग्याबरोबर तापमान आणि दाब कोरून ठेवणारे यंत्र पाठवत. ते खाली पडल्यावर कुणाला तरी सापडले आणि परत आले तरच नोंद वाचता येई, म्हणून आणून देणाऱ्याला बक्षीस देण्याची पद्धत होती. आग्र्याच्या वेधशाळेतून असे फुगे सोडले जात. तिथल्या आणि इतर ठिकाणच्या नोंदींवरून के. आर. रामनाथन यांनी १९२९ मध्ये दाखवून दिले, की तपांबर आणि स्थितांबर यांच्यातली सीमा उष्ण कटिबंधावर सर्वांत उंच आणि सर्वांत थंड असते. आज पाठ्यपुस्तकात एका वाक्यात येणारा हा सिद्धांत शेतात पडलेली यंत्रे उचलून आणणाऱ्या अनोळखी गावकऱ्यांच्याही हातांवर उभा आहे. फुगा शोधणाऱ्या आजच्या छांदिष्टांची ती पहिली पिढी म्हणायला हरकत नाही.

यंत्र परत येण्याची वाट पाहावी लागू नये, यासाठी त्याने हवेतूनच बोलावे ही कल्पना पुढे आली. फ्रान्समध्ये रोबेर ब्यूरो यांनी १९२९ मध्ये आणि सोव्हिएत संघात पावेल मोल्चानोव यांनी १९३० मध्ये ती यशस्वी केली. आपल्या खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही शिमला ऑफिस म्हणतात. चाळीसच्या दशकात एस. पी. वेंकटेश्वरन यांच्या पुढाकाराने पुण्यात देशी रेडिओसोंड आकाराला आला. चढताना लागणाऱ्या वाऱ्याने त्यातला छोटा पंखा फिरे आणि तो पंखाच एकेका संवेदकाला आळीपाळीने प्रेषकाशी जोडून देई. अ‍ॅना मणी १९४८ मध्ये पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. परदेशी उपकरणांवरचे अवलंबन कमी करण्यासाठी त्या आयुष्यभर झटल्या, आणि फुग्याबरोबर जाऊन ओझोन मोजणारे उपकरणही त्यांच्या काळात भारतात तयार झाले.

या फुग्यांनी दिलेले ज्ञान थेट आपल्या पावसाशी जोडलेले आहे. पावसाळ्यात द्वीपकल्पावर चौदा-सोळा किलोमीटरवरून पूर्वेकडून जोरदार वारा वाहतो, हे पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये मांडले. जुलैमध्ये जेमतेम दीड किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून वेगवान झोत येतो, हे पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी १९६६ मध्ये दाखवले. वर पूर्वेचा आणि खाली पश्चिमेचा, हे दोन्ही झोत मुंबईवरच्या आकाशात पावसाळाभर असतात. पुढे पाहू, की गच्चीवर बसलेल्या माणसाला ते स्वतः पाहता येतात.

लहर काय सांगते

हवामानाच्या उपकरणांसाठी ४००.१५ ते ४०६ मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर राखून ठेवला आहे. सोळाशे मेगाहर्ट्झच्या वरही एक पट्टा आहे आणि भारतात जुन्या काळी त्याचा बराच वापर झाला. आजचे बहुतेक सोंड ४०० च्या पट्ट्यातच बोलतात. जुने सोंड आवाजाच्या चढउतारांतून आकडे सांगत आणि वाऱ्याचा वेग काढायला जमिनीवरच्या अँटेनाने फुग्याकडे तोंड करून फिरत राहावे लागे. आता डबीतच जीपीएस असतो. उंची, अक्षांश, रेखांश, तापमान आणि आर्द्रता यांचे अंकी पुडके साधारण दर सेकंदाला निघते आणि डबीचा मार्गच वाऱ्याची दिशा नि वेग सांगतो.

प्रेषकाची शक्ती फार नसते. मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या व्हैसाला कंपनीच्या आरएस-४१ सोंडमध्ये ती सुमारे ६० मिलिवॉट आहे. तरीही हा क्षीण आवाज शेकडो किलोमीटर जातो, कारण मध्ये काही आड येत नाही. तीस किलोमीटर उंचीवरच्या डबीचे क्षितिज सहाशे किलोमीटरांहून दूर असते. पुडक्यात चुका दुरुस्त करण्यासाठी जादा अंकही जोडलेले असतात, त्यामुळे थोडा खरखराट चालून जातो. सैन्यासाठी बनवलेले काही सोंड माहिती कुलूपबंद करतात. नागरी हवामानसेवेचे सोंड सहसा तसे करत नाहीत.

सोंड कोणत्या कंपनीचा आहे, हे खरेदीनुसार बदलत राहते. व्हैसाला, ग्राव आणि मेटेओमोडेम यांचे पुडके वेगवेगळे असतात आणि उलगडण्याची रीतही. भारतातही वेगवेगळ्या काळी वेगवेगळे सोंड उडाले आहेत. म्हणून नव्या श्रोत्याने एकाच नमुन्यावर भिस्त ठेवू नये. आधी लहरीचा आकार ओळखावा, मग उलगडणारा कार्यक्रम लावावा.

सामान किती, कुठे

दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे काम महागड्या रिसीव्हरशिवाय होत नसे. आता टीव्हीसाठी बनलेल्या चिपवर आधारलेला यूएसबी डोंगल, ज्याला छांदिष्ट आरटीएल-एसडीआर म्हणतात, काही हजार रुपयांत मिळतो आणि लॅपटॉपला लावला की हा पट्टा ऐकू येतो. कायमचे केंद्र उभारायचे असेल तर लॅपटॉपऐवजी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरतात. 'रेडिओसोंड ऑटो आरएक्स' हा मोफत कार्यक्रम पूर्ण पट्टा चाळतो, सोंडचा प्रकार ओळखतो, पुडकी उलगडतो आणि 'सोंडहब' या स्वयंसेवकांच्या जागतिक नकाशावर पाठवतो. खिशात मावणाऱ्या टीटीगो जातीच्या बोर्डांवरही हे काम होते.

खरी करामत अँटेनाची, आणि ती घरी करता येते. ४०३ मेगाहर्ट्झची लहर ७४ सेंटिमीटर लांब असते आणि तिचा चौथा हिस्सा भरतो साडेअठरा सेंटिमीटर. तेवढी, किंबहुना किंचित आखूड, पितळी सळई उभी करायची आणि तिच्या बुडाशी तशाच चार सळया खाली तिरप्या वळवून जोडायच्या. सुरुवातीला एवढे पुरते. मग अँटेनाच्या अगदी जवळ एक फिल्टर आणि कमी खरखर करणारा प्रवर्धक लावला की फरक लगेच जाणवतो. केबल जितकी लांब आणि स्वस्त, तितका आवाज वाटेतच मरतो. म्हणून पैसे डोंगलपेक्षा केबलवर घालावेत.

दक्षिण मुंबईच्या छांदिष्टाला हे सामान शोधायला लांब जावे लागत नाही. गिरगावाला लागूनच लॅमिंग्टन रोड आहे, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. कनेक्टर, कोॲक्स केबल, डोंगल, सुट्या चिपा आणि त्या जोडून देणारे कारागीर हे सारे एका रस्त्यावर मिळेल अशी जागा देशात विरळाच.

रेडिओलहरींचा माग काढण्याशी गिरगावचे नाते जुनेही आहे. १९४२ च्या लढ्यात उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी चालवलेले काँग्रेस रेडिओ २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर बोलू लागले. पोलिसांच्या गाड्या दिशा शोधणाऱ्या अँटेना घेऊन फिरत, म्हणून केंद्र सतत जागा बदलत राही. १२ नोव्हेंबरला गिरगावातल्या पारेखवाडीत ते पकडले गेले. ती लहर आजच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या चाळीस मीटर पट्ट्यात बसते. लहर कुठून येते हे शोधण्याची विद्या त्या वेळी स्वातंत्र्याविरुद्ध वापरली गेली. तीच विद्या आज गिरगावच्या मुलांना खुलेपणाने आणि निर्भयपणे शिकता येते, याचे मोल ओळखले पाहिजे.

मुंबईचा फुगा कुठे जातो

छंदाचा सगळ्यात रसाळ भाग हाच आहे. युरोपातला श्रोता फुग्याचा माग काढतो तो मुख्यतः डबी हाती लागावी म्हणून. मुंबईत ऋतूप्रमाणे खेळ बदलतो.

हिवाळ्यात जमिनीलगत उत्तरेचे किंवा पूर्वेचे मंद वारे असतात, त्यामुळे फुगा सुरुवातीला फारसा हलत नाही, कधी समुद्राकडे सरकतो. पाच-सहा किलोमीटरच्या वर मात्र पश्चिमेचा वारा त्याला धरतो आणि बारा किलोमीटरच्या आसपास त्याचा जोर खूप वाढतो. फुगा ठाणे, शहापूर, मुरबाडच्या अंगाने सह्याद्रीकडे निघतो आणि वारा जोरात असला तर घाट ओलांडून जुन्नर-संगमनेरच्या बाजूला जाऊ शकतो. उन्हाळा सरताना वरचा पश्चिम वारा ढिला पडतो आणि मार्ग आखूड होतो.

पावसाळ्यात तर एकाच उड्डाणात दोन्ही झोत दिसतात. सुटल्यावर फुगा पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर ठाण्याकडे जातो. सहा-सात किलोमीटरच्या आसपास तो रेंगाळतो. मग जोसेफ-रामन यांचा झोत मागे पडून कोटेश्वरम यांचा झोत सुरू होतो, आणि फुगा आल्या वाटेने मुंबईवरून परत येऊन अरबी समुद्राकडे वळतो. स्थितांबरातही या महिन्यांत पूर्वेचेच वारे असल्याने तो आणखी पश्चिमेला जातो आणि बहुधा पाण्यातच संपतो. पुस्तकात बाणांनी दाखवलेला मोसमी वाऱ्यांचा उभा छेद नकाशावरच्या एका वळणात स्वतः पाहायला मिळणे, हे या छंदाने मुंबईकराला दिलेले सर्वांत मोठे धन आहे. स्थितांबरातल्या विषुववृत्तीय वाऱ्यांची दिशा सुमारे अठ्ठावीस महिन्यांच्या चक्रात उलटते. तिचा परिणाम मुंबईच्या अक्षांशावर क्षीण असला, तरी काही वर्षांच्या नोंदी हाताशी असल्या तर तो तपासून पाहता येईल.

ऐकण्याच्या दृष्टीनेही या मार्गाला अर्थ आहे. फुगा उंच असताना सगळ्यांनाच ऐकू येतो. कसोटी लागते ती उतरताना. डबी सह्याद्रीपलीकडे पडत असेल, तर डोंगराची रांग आड येते आणि ती बरीच उंच असतानाच आवाज तुटतो. समुद्रावर आड काही नाही. तीस मीटर उंच गच्चीवरून शंभर किलोमीटर दूर समुद्रात उतरणारी डबी साधारण चारशे मीटर उंचीपर्यंत ऐकू यावी, असे क्षितिजाचे गणित सांगते. दादर चौपाटी, प्रभादेवी, वरळी या पश्चिमेला मोकळ्या किनाऱ्याचा हा फायदा ठाण्या-नाशकाच्या श्रोत्याला मिळणार नाही. पावसाळी उड्डाणांचा शेवट टिपायला मुंबईच्या किनाऱ्यावरची गच्ची हीच उत्तम जागा.

शहराची अडचण

सांताक्रूझ दादरपासून सरळ रेषेत सुमारे आठ किलोमीटर, लालबागपासून अकरा आणि गिरगावपासून पंधरा किलोमीटरवर आहे. अंतर ही अडचणच नाही, अडचण आहे ती मधल्या शहराची. लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे उत्तरेचे क्षितिज झाकतात. गिरगावच्या उत्तरेला ताडदेवचे मनोरे आणि पश्चिमेला मलबार हिल. त्यामुळे पहिली काही मिनिटे बऱ्याच गच्च्यांवर काहीच ऐकू येणार नाही. फुगा दोन-तीन किलोमीटर चढला की ही तक्रार बरीचशी मिटते.

दुसरी अडचण विजेची आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, लिफ्टची यंत्रे, इंटरनेटचे राउटर, मोबाइलचे मनोरे आणि वरळीच्या दूरदर्शन मनोऱ्यासारखे बलवान प्रेषक यांच्या गोंगाटात क्षीण लहर बुडून जाते. मुंबईला हा अनुभव नवा नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी दशकानुदशके होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्या नोंदी बिघडतील हे ओळखून, संचालक नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ पासून हे काम अलिबागला नेण्यात आले. विजेची ट्राम प्रत्यक्षात धावली १९०७ मध्ये. संचालकांनी आधीच जागा बदलली, म्हणून त्या नोंदींची अखंड मालिका आज जगाला उपलब्ध आहे. छांदिष्टाला शहर सोडता येत नाही, पण धडा घेता येतो: अँटेना उंच न्या, फिल्टर लावा, आणि आपल्याच घरातला कोणता चार्जर खरखर करतो ते एकेक उपकरण बंद करून शोधा.

या अडचणी असल्या तरी हाच काळ या छंदाला अनुकूल आहे, याला एक कारण आहे. हवामान-उपग्रहांची चित्रे १३७ मेगाहर्ट्झवरून घरी उतरवणे हा आकाश ऐकणाऱ्यांचा आवडता पहिला पाठ होता. ती चित्रे सोप्या पद्धतीने पाठवणारे नोआ-१५, १८ आणि १९ हे तिन्ही अमेरिकी उपग्रह २०२५ मध्ये बंद करण्यात आले. रशियाचे मेटिओर उपग्रह अजून चित्रे पाठवतात, पण शिकाऊ माणसाची सोपी पायरी गेली. तिची जागा रेडिओसोंड घेऊ शकतो.

डबी हाती लागली तर

युरोपात पडलेल्या डब्या शोधायला लोक सायकल घेऊन रानोमाळ फिरतात. मुंबईच्या श्रोत्याला ते सुख क्वचितच मिळणार. पण महाराष्ट्रात अशा वस्तू शेतात पडतात आणि कधी कधी गावात घबराट उडते. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, म्हणजे मुंबईच्या टीआयएफआरचे, मोठ्या वैज्ञानिक फुग्यांचे केंद्र आहे. तिथून उडणाऱ्या फुग्यांची उपकरणे सोलापूरच्या दिशेने दोनशे-साडेतीनशे किलोमीटरपर्यंत उतरू शकतात, म्हणून संस्था आधीच लोकांना आवाहन करते: हात लावू नका, पोलिसांना किंवा पेटीवरच्या पत्त्यावर कळवा. हवामान खात्याच्या डबीबाबत काळजी एवढीच, की विजेच्या तारेवर अडकलेली डबी काढायला जाऊ नये, बॅटरी फोडू नये, आणि कुणाच्या शेतात विचारल्याशिवाय शिरू नये.

कचऱ्याचा प्रश्नही टाळता येणार नाही. प्रत्येक उड्डाणात रबराचे तुकडे, दोरी, प्लास्टिक, बॅटरी आणि सर्किट कुठेतरी पडतात, आणि पावसाळ्यात तर समुद्रात. शहराच्या रोजच्या कचऱ्यापुढे हे प्रमाण नगण्य आहे, आणि अंदाज सुधारल्याने वाचणाऱ्या जिवांपुढे फुगे थांबवा असे कुणी म्हणणार नाही. तरी जमिनीवर पडलेली डबी उचलून ई-कचऱ्यात देणारा छांदिष्ट त्या कचऱ्याचा थोडा भार हलका करतो, ही गोष्ट चांगलीच आहे.

कायदा आणि शेजार

भारतात १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र बाळगण्यासाठी परवान्याचे बंधन घातले होते. हौशी रेडिओसाठी १९७८ चे नियम आले. आता २०२३ चा दूरसंचार कायदा जुन्या चौकटीची जागा घेतो आहे. या छंदात फक्त ऐकायचे असते, बोलायचे नसते. तरीही माझा आग्रह असा, की मनापासून करायचे असेल तर हौशी रेडिओची परीक्षा द्यावी आणि व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होणारे संकेतनाम घ्यावे. त्यासाठीचा अभ्यास उपयोगी आहे आणि त्यातून नियमांचे भान येते. ज्या बोर्डांत प्रेषकही असतो, त्यांतला प्रेषक बंद ठेवावा. हवामानाच्या पट्ट्यात चुकूनही काही पाठवू नये, कारण तिथे खात्याचे काम चालू असते. स्वतःचा फुगा सोडण्याचा विचार मुंबईत करूच नये. सांताक्रूझची वेधशाळा विमानतळाला लागून आहे आणि शहरात ड्रोन-फुग्यांवर पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात.

शेजाऱ्यांचा विश्वासही कायद्याइतकाच मोलाचा आहे. २६/११ पाहिलेल्या या शहरात गच्चीवर अनोळखी अँटेना दिसली तर प्रश्न विचारले जाणारच, आणि ते विचारले जावेत. आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी, अँटेनाला वीजरोधक जोडणी करावी, आणि इमारतीतल्या मुलांना एकदा पडद्यावर फुगा दाखवावा. ज्यांनी तो पाहिला ते उद्या आपले रखवालदार होतात.

उपयोग किती, खरे सांगायचे तर

छांदिष्टाची नोंद खात्याच्या नोंदीची जागा घेऊ शकत नाही. खात्याकडे चांगल्या अँटेना आहेत, तपासणी आहे, जबाबदारी आहे. मुंबईवरची रोजची उभी नोंद अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाच्या संग्रहात सांताक्रूझच्या ४३००३ या क्रमांकाखाली कुणालाही पाहता येते. मग स्वतः ऐकून वेगळे काय मिळते?

पहिले उत्तर उतरणीचे. नेहमीच्या कामात चढतीची नोंद महत्त्वाची मानली जाते. जर्मनीच्या हवामानसेवेने उतरतानाची माहितीही वापरायला सुरुवात केली आणि युरोपीय अंदाजकेंद्राने ती स्वीकारली, म्हणजे तिला मोल आहे. वेगवेगळ्या ठिकाणचे श्रोते ती शेवटपर्यंत टिपू शकतात. दुसरे उत्तर साक्षीचे. २०२५ मध्ये अमेरिकेच्या हवामानसेवेला मनुष्यबळ कमी पडल्याने काही केंद्रांवरची उड्डाणे थांबवावी किंवा कमी करावी लागली. नागरिक रोज आकाश ऐकत असतील, तर एखादे उड्डाण चुकले हे त्यांना तत्काळ कळते आणि सार्वजनिक सेवेची काळजी घेणारे डोळे वाढतात. तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत मोठे उत्तर शिक्षणाचे आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर पाऊस झाला. शहराच्या दोन टोकांत इतका फरक का पडला, हे समजायला हवेच्या उभ्या रचनेची जाण लागते. दिवसातून दोनदा उडणारा फुगा असा पाऊस नेमका पकडू शकत नाही, म्हणूनच नंतर कुलाब्याला आणि वेरावलीला रडार आले. पण बाष्पाचा थर किती खोल आहे, ढग किती उंच जाऊ शकतो, हे टेफिग्राम या हवेच्या उभ्या रचनेच्या आलेखावर वाचायला शिकलेला विद्यार्थी पुढच्या अतिवृष्टीचा इशारा अधिक शहाणपणाने वाचेल.

निष्कर्ष असा: मुंबईत हा छंद डबी गोळा करणाऱ्यांचा नाही, आकाश वाचणाऱ्यांचा आहे. त्याला पैसा थोडा लागतो, गच्ची लागते आणि चिकाटी लागते. युरोपाच्या तुलनेत भारतातले श्रोते फारच थोडे आहेत, आणि एकेकट्याने केलेले काम घर बदलले की थांबते. म्हणून हे काम संस्थांनी उचलावे. माटुंग्याची व्हीजेटीआय, रुईया आणि रुपारेल महाविद्यालये, चौपाटीसमोरचे विल्सन कॉलेज, वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद यांच्यापैकी कुणाच्याही गच्चीवर एक कायमचे ग्रहणकेंद्र सहज बसू शकते. दादर-माटुंग्याला एक, किनाऱ्यावर एक आणि गिरगावात एक अशी तीन केंद्रे रोजची नोंद ठेवू लागली, तर तीन-चार वर्षांत मुंबईवरच्या वाऱ्यांचा विद्यार्थ्यांनी स्वतः केलेला संग्रह तयार होईल. हवामान खात्यानेही उड्डाणाची वेळ, वारंवारता आणि सोंडचा प्रकार शाळा-महाविद्यालयांना नियमित कळवावा. त्याला खर्च नाही, आणि सेवेवरचा लोकांचा विश्वास त्याने वाढेल. ज्यांच्या हाताशी गच्ची आहे आणि आकाशाबद्दल कुतूहल आहे, त्यांनी संस्थांची वाट पाहत थांबू नये. साडेअठरा सेंटिमीटर पितळी सळई घ्यावी आणि येत्या पावसाळ्याआधी ऐकायला सुरुवात करावी.